बिजागरीची बाजू

माझं दार कुणाच्या बापाला उघडत नाही, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचो. राहू गावात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आणि गेल्या दोन वर्षांत मी जेवढी लोखंडी दारं बनवली तेवढी आधीच्या पंधरा वर्षांत बनवली नव्हती. सगळी कृपा बिबट्याची. नदीच्या दोन्ही काठांना ऊसच ऊस, उसात बिबट्या आणि उसाच्या मधोमध माणसांच्या वस्त्या. एका वस्तीवरची पोरगी बिबट्यानं अंगणातून नेली, तेव्हापासून लोकांनी खिडक्यांना गज ठोकले, मागची दारं विटा लावून बुजवली आणि पुढच्या दाराला सोळा गेजचा जाड पत्रा मागायला लागले. दिवसाढवळ्या आतून कुलूप लावून बायका स्वयंपाक करायच्या. मी भारत, पोट सुटलेला तोंडाळ माणूस, पण एकदम दोन तालुक्यांत नावाजलो.

आता खरं सांगतो, कारण लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन होल्डफास्ट असतात. होल्डफास्ट म्हणजे लोखंडी पट्ट्या. भिंतीला भोक पाडून त्या आत घालायच्या, काँक्रीट भरायचं आणि दोन दिवस सुकू द्यायचं. पण लोक वर्कशॉपच्या दारात उभे राहून म्हणायचे, आजच्या आज बसवा, पोरांना कुठं झोपवू? मग मी कुलपाच्या बाजूचे होल्डफास्ट झटपट सुकणारं महागडं सिमेंट भरून नीट गाडायचो आणि बिजागरीच्या बाजूचे कापून टाकायचो. तिथं दोन स्क्रू, वरून सिमेंटचा हात, त्यावर रंग. दिवसाला तीन दारं व्हायची. गिऱ्हाईक दार ताब्यात घेताना कुलपाकडून गदागदा हलवून बघतं. बिजागरीकडून हलवून बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एकच दार मी इमानानं बसवलं. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुवर्णाचं. वढू बुद्रुकच्या पुढं उसात तिचं दोन खोल्यांचं घर होतं. दाजी कंपनीत पहिल्या पाळीला जायचे, घरी ती आणि सात वर्षांची समृद्धी. तिच्या चौकटीला मी तीनच्या जागी चार-चार होल्डफास्ट घातले, दोन्ही बाजूंना, आणि काँक्रीट सुकेपर्यंत दोन रात्री त्यांच्याकडंच मुक्काम ठोकला. बहिणीच्या घरी हात राखून काम करायचं नाही, एवढी अक्कल मला होती.

फेब्रुवारीत वर्कशॉपवर एक माणूस आला. शिरूर तालुक्यात कंपन्यांच्या पट्ट्यात एक फायर स्टेशन आहे, तिथला सब-ऑफिसर नागसेन. बारीक अंगाचा, हळू बोलणारा.

"आमच्याकडं सरावाला एक लाकडी दार हाय," तो म्हणाला. "त्याची कडी कवाच गेलीय. वरचे साहेब बघायला आले की पोरं लाथ मारतात, दार पडतं, फोटो निघतो. मला तुमच्यासारखं खरं दार पाहिजे. वस्त्यांवर आता हीच दारं हायेत. उद्या वर्दी आली तर आम्ही तिथं जाऊन काय करायचं?" आगीच्या निरोपाला ते लोक वर्दी म्हणतात.

मी छाती फुगवली. "दार देतो साहेब. पन उघडणार न्हाई."

त्यांनी आवारात ब्लॉकची भिंत उभारली आणि मी तिच्यात दार बसवलं. नेहमीसारखंच बसवलं. मुद्दाम फसवायचं असं काही डोक्यात नव्हतं, हाताला दुसरं वळण राहिलंच नव्हतं.

गुरुवारी सराव सुरू झाला. पाठीवर हवेची टाकी, तोंडाला मास्क, अंगात जाड कोट, आणि ऊन तर असं की बघणाऱ्याला घाम फुटावा. त्यांच्याकडं हॅलिगन नावाचा बार असतो, आपल्या पहारीला एका टोकाला पंजा आणि दुसऱ्या टोकाला चोच बसवावी तसा. एकानं चोच फटीत धरायची, दुसऱ्यानं घणानं मारायचं. घण होता सत्यजीतकडं. कासुर्डीचा पैलवान गडी, दोन वर्षांपूर्वी भरती झालेला. ते कुलपाच्या बाजूनं लागले. नागसेनच्या हातात घड्याळ. मी खुर्ची टाकून चहा पीत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो, हे कबूल करतो. नऊ मिनिटांनी सत्यजीतनं घण खाली टाकला आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहिला.

"आत माणूस असतं तर कवाच गेलं असतं," नागसेन म्हणाला. "खोली धुरानं भरली की तीन-चार मिनिटं. त्याच्या पुढं काय खरं न्हाई."

मी कप खाली ठेवला. सुवर्णाच्या घराला एकच दार. मागचं मीच विटा लावून बुजवलेलं. खिडक्यांना बारा एमएमचे गज, तेही माझेच. मी उठून भिंतीपाशी गेलो.

"बिजागरीकडून मारा," मी म्हणालो.

चोच त्या बाजूच्या फटीत बसली, पाच-सहा घाव पडले, आणि अख्खी चौकट भिंतीतून उचकटून आली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सत्यजीतनं घामेजल्या अंगानं मला मिठी मारली. नागसेननं मात्र खिशातून वही काढली. "हे या दाराचं झालं. वस्त्यांवर तुमची जेवढी हायेत, ती समदी अशीच निघतील?"

त्या वेळी माझ्या तोंडातून एकच वाक्य निघायला हवं होतं. समदी निघतील, एक सोडून. पण मग त्यानं विचारलं असतं, ते एक का नाही? आणि बोभाटा झाला असता की भारतनं गावोगाव स्क्रूवर दारं दिली आणि खरं दार तेवढं बहिणीला दिलं. लोकांनी मला वर्कशॉपसकट उचलून नदीत टाकलं असतं.

"व्हय," मी म्हणालो. "समदी."

त्यानं ते लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी ग्राइंडर घेऊन सुवर्णाकडं गेलो. म्हणालो, बिजागरीकडचे होल्डफास्ट कापून देतो, दार जरा हलकं होईल.

"कशापायी?"

"आत कवा आग लागली तर बाहेरनं कुणाला काढता येणार न्हाई, म्हणून."

"आन् बिबट्या आला तर?" ती भाकरी थापता थापता थांबली. "परवा बबनरावांची कालवड नेली, दादा. भर दुपारी. मी ह्या खिडकीतनं बघितलं. पोरगी शाळेतनं आली की पैलं कुलूप लावते मी. तू हे दार घातलंस तवापासून मला झोप लागतीया. त्याला हात लावू नको."

"अगं, पन..."

"न्हाई म्हणते ना. चहा टाकू का?"

मी चहा घेतला. आणि मला बरं वाटलं, हीच सांगायची लाज वाटते. ती नको म्हणाली म्हणजे माझी सुटका झाली, असं मी स्वतःला पटवलं. भांडून, रागावून, हात धरून तिला बाजूला करायला हवं होतं. ते जमत नव्हतं, तर नागसेनला फोन करणं एका मिनिटाचं काम होतं. दर गुरुवारी ठरवून जायचो की आज सांगायचंच. तिथं पोचलो की पोरं दादा दादा करायची, मी दार पुन्हा स्क्रूवर बसवायचो, ते पुन्हा बिजागरीकडून काढायचे, आणि मी मूग गिळून परत यायचो. असे सात गुरुवार गेले. सत्यजीतची वेळ दीड मिनिटावर आली होती.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी दुपारी मी खिडकीच्या ग्रिलला रंग देत होतो. फोन वाजला. नागसेन होता, आणि त्याच्यामागं माणसांचा आरडाओरडा.

"दादा, वर्दीवर हाय. दार तुमचंच दिसतंय. बिजागरीकडून निघंना."

मी काही बोलणार तेवढ्यात फोनमधून घणाचा आवाज आला. स्क्रूवरच्या चौकटीवर घाव बसला की धप्प असा पोकळ आवाज येतो. हा आवाज टणटणीत होता, देवळातल्या घंटेसारखा. मी जन्मभर लोखंड ठोकत आलोय. असा आवाज देणारं दार मी एकच बसवलं होतं.

"साहेब, कुठं हाय तुम्ही?"

"वढूच्या पुढं, उसातली वस्ती. बाई आन् पोरगी आत हायेत म्हणतात. मघाशी आतनं आवाज येत होता, आता..."

"ती माझी भन हाय!" मी ओरडलो. "ते दार सोडा, साहेब! ते निघायचं न्हाई! दोन्ही बाजू काँक्रीटमधी हायेत!"

"तुम्ही तर म्हणला समदी..."

"खोटं बोललो! कटर लावा!"

"कटर दुसऱ्या गाडीवर हाय, ती गाडी दुसऱ्या वर्दीला गेलीय. कुठनं शिरू तेवढं सांगा. लवकर सांगा, दादा."

मी डोळे मिटले आणि ते घर डोळ्यांपुढं आणलं. खिडक्या माझ्या. मागची बुजवलेली भिंत माझी, नऊ इंची, वर प्लास्टर. जिथं जिथं माझा हात लागला होता तिथून आत जायला जागा नव्हती. तिकडं घाव चालूच होते. मग मोरी आठवली. ती दाजींनी नंतर मागच्या खोलीतून दार काढून गावातल्या गवंड्याकडून बांधून घेतली होती. मी त्या गवंड्याला हसलो होतो, भिंत आहे का पापड म्हणून.

"मागं मोरी हाय! चार इंची भिंत हाय! घणानं फोडा!"

फोन बंद झाला.

नदी ओलांडून तिथं पोचायला मला पाऊण तास लागला. मोटारसायकलवर मी मोठ्यानं बोलत होतो. देवा, माझी सगळी दारं उद्याच्या उद्या दुरुस्त करून देतो. देवा, माझे हात घे. देवा, तिला खोकला येऊ दे, नुसता खोकला येऊ दे, खोकते म्हणजे जिवंत आहे. तीन-चार मिनिटं, असं नागसेन म्हणाला होता. फोन आला तेव्हाच किती झाली होती ते मला माहीत नव्हतं आणि मी तरी मिनिटं मोजत होतो.

आग मोठी नव्हतीच. पुढच्या खोलीत इन्व्हर्टरला ठिणगी पडली आणि शेजारी ठेवलेली ठिबकच्या नळ्यांची बंडलं पेटली. काळाकुट्ट धूर. चोरीला जातील म्हणून बंडलं आत ठेवली होती. समृद्धी शेजारच्या बबनरावांच्या बायकोच्या मांडीवर बसली होती, अंगाला ओला टॉवेल, डोळे लालभडक. सुवर्णानं तिला मोरीत नेऊन झरोक्याला तोंड लावायला सांगितलं, फायरची गाडी आल्यावर मोरीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि त्याच्या फटीत ओली साडी कोंबली. त्या पापडासारख्या भिंतीतून पोरगी बाहेर आली.

"मामा," ती मला म्हणाली, "आई दार उघडाया गेलीय."

सुवर्णाला ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं होतं. भाजलेलं कुठंच नव्हतं. नाकाशी तेवढं काळं. दाजी खाली बसून तिच्या पायांचे तळवे घासत होते, थंड पडलेल्या माणसाला ऊब द्यावी तसे, आणि त्यांना थांबवायचं कुणाला धाडस होत नव्हतं. दार जागच्या जागी उभं होतं. रंग गेला होता, पत्र्याला पोचे आले होते, चौकट सूतभर हललेली नव्हती.

नागसेन माझ्याजवळ आला. "सात मिनिटं दारावर गेली," तो म्हणाला. "मोरी दीड मिनिटात फुटली." एवढंच बोलून तो गाडीकडं गेला. मी खोटं का बोललो हे त्यानं विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. तिथंही नाही.

दहाव्याला नदीवर बबनराव माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "झालं ते लई वाईट झालं. पन भारत, दार मात्र पक्कं हां. फायरवाल्यांची अख्खी टोळी लागली, हाललं न्हाई. आमचं बी तूच बसवलंस, पन आम्हाला असलंच एक करून दे. बिबट्याचं काय सांगता येतंय का?"

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. त्यांचं काय चुकलं होतं? "तुमचं दार कच्चं हाय, बबनराव," मी म्हणालो. "स्क्रूवर हाय. तसंच राहू द्या." त्यांना वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातानं मला जेवढं जाळलं तेवढं कुणाच्या शिव्यांनी जाळलं नसतं.

नदीवरून मी घरी न जाता सरळ फायर स्टेशनला गेलो. आवारात सत्यजीत एकटाच होता. दोन्ही तळहातांना बँडेज, आणि तसाच तो सरावाच्या दाराच्या फटीत चोच अडकवून घण घालत होता. दीड मिनिटात चौकट निघाली. त्यानं ती पुन्हा भिंतीला टेकवली.

"हितं निघतंय, दादा," तो म्हणाला. तो रडत होता. "मग तिथं का न्हाई निघालं? साहेब म्हणतात काँक्रीट होतं, पन माझाच कोन चुकला असंल. चोच वाकडी लागली असंल. मला झोप येत न्हाई. तुमच्या बहिणीला मी मारलं, दादा."

मी त्याच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं, आतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली तरी सांगत राहिलो. स्क्रू, सिमेंटचा हात, दिवसाला तीन दारं, बहिणीचे चार-चार होल्डफास्ट, सात गुरुवार. वाट बघत होतो की कुणीतरी मारेल. कुणी मारलं नाही. सत्यजीतनं घण खाली ठेवला, बँडेजकडं बघितलं आणि माझ्यापासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

"तुम्ही सांगितलं असतं," नागसेन म्हणाला, "तर आम्ही त्या दाराला हातच लावला नसता. गेल्या गेल्या मोरी फोडली असती." तो तसाच हळू आवाजात बोलत होता. "आता आमच्या भिंतीत खरं दार बसवा. तिच्यासारखंच."

मी बसवलं. चार-चार होल्डफास्ट, काँक्रीट, पूर्ण दोन दिवस पाणी मारलं. दारामागं त्यांनी ब्लॉकची खोली केली आणि कोपऱ्यात बादलीत उसाचं ओलं पाचट पेटवायचं ठरलं. आत आवाज द्यायला एक माणूस हवा होता. मी म्हणालो, मी जातो. नागसेननं माझ्या तोंडाला मास्क बांधला, वायरलेस सेट हातात दिला आणि सुवर्णा कशी सापडली तेही तेव्हाच सांगितलं. किल्ली तिच्या मुठीत होती, पण ती स्वतः कुलपापाशी नव्हती. बिजागरीच्या बाजूला भिंतीला टेकून पडली होती. असं का, हे त्याला कळलं नव्हतं.

मी आतून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेतली. धूर भरला. हात दिसेना, मग कुलूप दिसेना. मी चाचपडत होतो, कुलूप बोटांना लागत होतं, निसटत होतं. तेवढ्यात पहिला घाव बसला, बिजागरीच्या बाजूला. त्या दिवशी मारला तसा आधी तिथंच मारून बघायचं ठरलं होतं.

आणि माझे पाय तिकडं वळले. मी वळवले नाहीत, वळले. माणसं त्या बाजूला आहेत, आता तिथूनच उघडेल, एवढंच डोक्यात येतं. किल्ली हातात असते आणि कुलूप तीन फुटांवर मागं राहतं. सुवर्णा कुलपापाशीच होती. ती उघडत होती. मी सांगितलेल्या जागी घाव पडायला लागले, म्हणून तिनं कुलूप सोडलं आणि त्या आवाजाकडं गेली.

बाहेरून सत्यजीत ओरडत होता, "आत कोण हाय? आवाज द्या! आवाज द्या, म्हंजी कळंल!" मी बिजागरीपाशी खाली बसलो होतो आणि माझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता.